मनातला दुतोंड्या मारुती

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिकमध्ये सहसा कुणी ‘किती क्युसेक?’ असं विचारत नाही. तो आकडा बातम्यांत येतो आणि कानावरून जातो. माणसं विचारतात, “मारुतीच्या कुठवर आलंय?” गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघ्याला पाणी असेल तर पोरांना घेऊन बघायला जायचं. कमरेला लागलं की घाटावर लावलेली गाडी काढायची. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर ज्यांनी पाहिले, ते आजही मारुतीच्याच खुणेने त्यांची आठवण सांगतात.

मी गेली बावीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. शालिमारजवळ एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. एवढ्या वर्षांत टेबलावर आलेल्या पासबुकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोघांच्या खात्यात शिल्लक जवळपास सारखी असते, एक म्हणतो “छान भागतंय, ताई,” दुसरा म्हणतो “काही खरं नाही.” शिल्लक म्हणजे क्युसेक. ही माणसं बोलत असतात ती मारुतीबद्दल. प्रत्येकाने मनात एक मारुती उभा केलेला असतो आणि पैसा, यश, समाधान त्याच्या अंगावरच्या खुणांनीच मोजलं जातं. ‘मानसिकता’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झालाय. माझ्यापुरता त्याचा कामाचा अर्थ एवढाच: तो मारुती तुम्ही कुठे उभा केलाय.

अर्थशास्त्रात त्याला ‘संदर्भबिंदू’ म्हणतात. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली त्याची नीट मांडणी केली. माणूस आपल्याजवळ एकूण किती आहे हे बघून निर्णय घेतो, असं तोवर धरून चालत. या दोघांचं म्हणणं पडलं की एकूण कुणी बघतच नाही. मनात धरलेल्या खुणेच्या आपण वर आहोत की खाली, एवढंच बघितलं जातं. आणि खाली जाण्याचं दुःख वर जाण्याच्या सुखापेक्षा कितीतरी जड असतं; त्यांच्या १९९२ च्या मोजणीत ते सव्वादोन पट भरलं. हजार रुपये सापडल्याचा आनंद संध्याकाळपर्यंत ओसरतो. हजार रुपये हरवले तर आठवडाभर खिसे चाचपणं चालू राहतं. कानेमान यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते.

याचं मी पाहिलेलं सगळ्यात महागडं उदाहरण आमच्या निफाडच्या मामांचं.

एका हंगामात त्यांचा कांदा लासलगावच्या लिलावात क्विंटलला साडेतीन हजारांनी गेला. घरात नवा फ्रीज आला, मामींना पाटल्या झाल्या. पुढच्या वर्षी उन्हाळ कांदा काढून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठीत, भरला. जूनमध्ये भाव होता अठराशे. खर्च मी त्यांच्याच वहीवरून काढला होता, बाराशेच्या आसपास. म्हणजे क्विंटलमागे सहाशे सुटत होते.

“मामा, निम्मा तरी काढा ना आता.”

“अगं, साडेतीन हजारांचा माल अठराशेला घालू? सरळ सतराशेचा तोटा आहे.”

तोटा! बाराशेचा माल अठराशेला विकायचा, हा मामांच्या लेखी तोटा होता. कारण त्यांचा मारुती साडेतीन हजारांवर उभा होता आणि पाणी त्याच्या पायालाही लागलेलं नव्हतं. मामा थांबले. ऑगस्टच्या दमट हवेत चाळीतला खालचा थर सडला, सप्टेंबरात वरच्याला कोंब फुटले. शेवटी हजाराने माल गेला आणि वजनातली घट पाव भागाची. शंभर क्विंटलमागे जूनमध्ये १ लाख ८० हजार मिळाले असते, ते हातात ७५ हजार आले.

मामा अडाणी नाहीत. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी कोणत्या आठवड्यात धरायची याचं त्यांचं गणित मला सात जन्मांत जमायचं नाही. आणि चाळीत कांदा ठेवणं हा जुगारही नाही. कित्येक वर्षी तेच शहाणपण ठरतं. चूक इतकीच झाली, की यंदा आवक किती आहे, माल किती टिकेल, हे प्रश्न बाजूला पडले आणि गेल्या वर्षीचा भाव निर्णय घेऊन बसला.

हेच शहरातले सुशिक्षित लोक शेअर बाजारात करतात. मार्चनंतर माझ्याकडे शेअर-विक्रीचे तक्ते येतात. वाढलेले शेअर झटपट विकलेले आणि पडलेले मात्र “खरेदीभावाला आले की काढू” म्हणून सांभाळून ठेवलेले. अमेरिकेत टेरन्स ओडीन यांनी एका दलाली कंपनीची १० हजार खाती तपासून १९९८ मध्ये हाच प्रकार दाखवला. लोकांनी विकून टाकलेले वाढीव शेअर पुढच्या वर्षभरात, त्यांनी धरून ठेवलेल्या पडक्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी पुढे गेले. आपण कितीला घेतलं होतं हे बाजाराला माहीत नसतं. ते फक्त आपल्यालाच माहीत असतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मारुतीची दुसरी खोडी त्याहून वाईट. घाटावरचा जागचा हलत नाही. मनातला हलतो.

पाणी वर आलं की तोही एक पायरी वर जाऊन उभा राहतो. सिडकोतल्या दोन खोल्यांतून गंगापूर रोडच्या तीन खोल्यांत गेलेली माणसं पहिल्या दिवाळीला गॅलरीतून खाली बघतात. तिसऱ्या दिवाळीला शेजारच्या इमारतीतल्या चार खोल्यांकडे. मानसशास्त्रात या सवयीवर १९७८ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. लॉटरी लागलेल्या २२ जणांची तुलना सामान्य लोकांशी केली, तर विजेते विशेष जास्त सुखी निघाले नाहीत. उलट गप्पा, न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता. व्याख्यानांत हा अभ्यास हमखास सांगतात आणि ‘पैशाने सुख मिळत नाही’ म्हणून टाळ्या घेतात. पण २२ जणांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढायचा? पुढे स्वीडनमध्ये हजारो लॉटरी विजेत्यांना बक्षिसानंतर पाच ते बावीस वर्षांनी प्रश्न विचारले गेले आणि २०२० मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान इतक्या वर्षांनंतरही वाढलेलं होतं. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र त्या मानाने कमी दिसला. ‘आयुष्य कसं चाललंय?’ आणि ‘आजचा दिवस कसा गेला?’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पैसा पहिल्याला जास्त लागू पडतो.

दुसऱ्या प्रश्नावर तर शास्त्रज्ञांतच खडाजंगी झाली. कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेची आकडेवारी घेऊन सांगितलं, की वर्षाला ७५ हजार डॉलर उत्पन्नाच्या पुढे रोजच्या मनःस्थितीत फारसा फरक पडत नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी ३३ हजारांहून जास्त नोकरदारांना मोबाइलवरून दिवसाच्या अधल्यामधल्या वेळी ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारलं. त्यांना ती मर्यादा सापडलीच नाही. उत्पन्नाबरोबर आनंद वाढत राहिला. मग २०२३ मध्ये कानेमान आणि किलिंग्सवर्थ यांनी भांडण बाजूला ठेवलं, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेतलं आणि आकडे एकत्र तपासले. निघालं असं, की बहुतेकांचा आनंद पैशाबरोबर वाढतच जातो; एका पातळीनंतर तो थांबतो फक्त सगळ्यात उदास असलेल्या २० टक्के लोकांत. घटस्फोट, घरातलं मरण, मनाचं आजारपण असली दुःखं पगारवाढीला दाद देत नाहीत. आपलं मत चुकलं असू शकतं म्हणून विरोधकाबरोबर बसून हिशेब तपासणं हीही मानसिकताच, आणि ती कानेमान यांनी वयाच्या नव्वदीकडे झुकताना दाखवली. मला त्या निष्कर्षापेक्षा हेच जास्त आवडलं.

मारुती सरकतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या अंगणात. १९९८ मध्ये सारा सोलनिक आणि डेव्हिड हेमनवे यांनी हार्वर्डमधल्या लोकांना विचारलं: वर्षाला तुम्हाला ५० हजार डॉलर आणि इतरांना २५ हजार, की तुम्हाला १ लाख आणि इतरांना २ लाख? वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. जवळपास निम्म्यांनी पहिलं उत्तर दिलं. दुप्पट पैसा सोडला, पण शेजाऱ्याच्या वर राहिले. गंमत पुढे आहे. हाच प्रश्न सुट्टीबद्दल विचारला, तेव्हा इतरांना किती मिळते याची पर्वा न करता बहुतेकांनी स्वतःला जास्त सुट्टी मिळेल तोच पर्याय घेतला. पगार, गाडी, घर या गोष्टी माणूस दुसऱ्याच्या पट्टीने मोजतो. झोप आणि सुट्टी स्वतःच्या. ऑफिसमध्ये फ्लॅटचे कागद घेऊन येणाऱ्यांना मी आता एक आगाऊ प्रश्न विचारते: या घरातून कामाला जायला रोज किती वेळ लागणार? पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून रात्री परतणाऱ्यांना तो प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसले त्या विषयाकडे येते. मागे एका सभागृहात ‘श्रीमंतीची मानसिकता’ नावाचं सत्र होतं, नवऱ्याच्या आग्रहावरून गेले. वक्ता घसा फोडून सांगत होता, “गरिबी खिशात नसते, डोक्यात असते!” माझ्या शेजारी सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा मुलगा बसला होता. तिकिटाचे पाचशे रुपये देऊन आलेला. तो मान खाली घालून वहीत ते वाक्य उतरवून घेत होता. मला उठून जावंसं वाटलं.

कारण खरी गोष्ट उलट्या बाजूने घडते. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना बुद्धीची कोडी घातली, एकदा तोडणीआधी आणि एकदा तोडणीनंतर. ऊसवाल्याला पैसा वर्षातून एकदा मिळतो. म्हणजे तोच माणूस तोडणीआधी तंगीत असतो आणि नंतर मोकळा. तीच डोकी, तेच शिक्षण. पण तोडणीआधी कोड्यांत ती स्पष्टपणे मागे पडली. हे २०१३ मध्ये छापून आलं. कारण असं सांगितलं गेलं, की उसनवारी, सोसायटीचा हप्ता, पोरांची फी हे सगळं डोक्यात सतत चालू असतं आणि विचाराला जागाच उरत नाही. तंगीतला माणूस विचार चुकीचे करतो म्हणून तंगीत असतो असं नाही. तंगीच त्याच्या विचाराचा मोठा वाटा खाऊन टाकते. द्राक्षवाल्यांच्या घरी हे फेब्रुवारीच्या आधी आणि एप्रिलनंतर बघावं. तीच माणसं असतात, पण घर वेगळं वाटतं.

धीर धरण्याचंही असंच आहे. लहान मुलापुढे एक गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं, थांबलास तर दोन मिळतील. वॉल्टर मिशेल यांचे स्टॅनफर्डमधले हे प्रयोग ‘संयमी मूल पुढे यशस्वी होतं’ या शिकवणीसाठी अजून सांगितले जातात. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर ते पुन्हा तपासले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध अगदी फिका पडला. मला त्याहून बोलका वाटतो तो रॉचेस्टर विद्यापीठातला २८ मुलांवरचा छोटा प्रयोग. काही मुलांना आधी ‘छान रंग आणून देते’ म्हणून आणून दिले, काहींना सांगून दिलेच नाहीत. मग गोड गोळी ठेवली. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली; शब्द मोडलेला पाहिलेली तीनच मिनिटं. त्या तीन मिनिटांच्या पोरांना काय अधीर म्हणायचं? त्यांनी बरोबर हिशेब केला होता.

माझ्या एका ग्राहक आजींचे पैसे एका पतसंस्थेत अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत. त्यानंतर त्या बँकेतली ठेवही ठेवायला तयार नाहीत. हातात येईल त्याचं सोनं करतात. सून म्हणते, “सासूबाईंना पैशातलं कळत नाही.” कळतं. त्यांना एकदा रंग मिळाले नव्हते.

हेही सांगायला हवं, की काही गोष्टींपुढे मानसिकतेचं काही चालत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती ४ मे २०२४ पर्यंत उघडली नाही. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, तो विकावाच लागतो. त्या हिवाळ्यात ज्याचा लाल कांदा निघाला त्याला कुठल्याही सत्रातलं वाक्य उपयोगी पडलं नसतं.

मग वृत्तीने काहीच होत नाही का? होतं. पण ती वृत्ती ‘मी श्रीमंत आहे’ असं आरशापुढे म्हणण्याची नाही. आफ्रिकेतल्या टोगो देशात, लोमे शहरात, १५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं धंद्याचं प्रशिक्षण दिलं: हिशेब, बाजारपेठ, कागदपत्रं. दुसऱ्याला पुढाकार घेण्याचं: शेजारच्या दुकानाहून वेगळं काय देता येईल, अडचण येण्याआधी तिची तयारी कशी ठेवायची, पहिला दरवाजा बंद झाला तर दुसरा कुठला. तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या दोनेक वर्षांत, प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत पुढाकार शिकलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब शिकलेल्यांचा वाढला ११ टक्के, आणि तोही योगायोग नसेल असं खात्रीने म्हणता येण्याजोगा नव्हता. (हिशेब लिहून पोट भरणाऱ्या बाईने हे सांगावं, याला धाडस लागतं.)

आमच्या गल्लीत दोन बायका पोळी-भाजीचे डबे देतात. दोघींच्याही हाताला चव आहे. एकीने बघितलं की जवळच्या क्लासची मुलं रात्री साडेनऊला सुटतात आणि तोवर खानावळी आवरायला लागलेल्या असतात. तिने रात्री दहापर्यंत गरम थालीपीठ सुरू केलं. दुसरी अजून “गिऱ्हाईक कमी झालंय” म्हणते. थालीपीठवालीने श्रीमंतीचा विचार केला नव्हता, घड्याळाकडे बघितलं होतं.

आणि सव्वादोन पट दुःखाचं काय करायचं? ते घालवता येत नाही, पण चुकवून जाता येतं. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कारखान्यात कामगारांना विचारलं: आज पगारातून काही कापत नाही, पण पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला थोडा हिस्सा आपोआप बचतीत टाकू का? हातात येणारी रक्कम कधीच कमी होत नाही, म्हणून मनाला तोटा वाटतच नाही. बहुतेकांनी होकार दिला. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कुणाचा स्वभाव बदलला नाही, कुणी निश्चय केला नाही. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यात असो की अंबडच्या वर्कशॉपमध्ये, ज्याला वार्षिक वाढ मिळते त्याला हे उद्या करता येईल. बँकेत एक अर्ज भरायचा, वाढ सुरू होते त्या महिन्यापासून एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा आपोआप जाणारी रक्कम, वाढवायची.

एवढं मात्र आधी सांगून ठेवते: पाचव्या वर्षी कंटाळा येतो. महिना ५ हजार, वर्षाला १० टक्के परतावा धरला (बाजार असा सरळ चालत नाही, हिशेबापुरता धरला), तर पाच वर्षांनी ३ लाखांचे ३ लाख ८७ हजार होतात. एवढ्यासाठी पाच वर्षं थांबलो? म्हणून लोक मोडतात. वीस वर्षांनी १२ लाखांचे जवळपास ३८ लाख होतात, आणि तिसाव्या वर्षी भरलेले १८ लाख, झालेले १ कोटी १३ लाख. चक्रवाढीचं बहुतेक पीक शेवटी येतं. आधीची वर्षं नुसती मशागत वाटते.

मामांनाही मी असाच आड रस्ता सुचवला. चाळ भरतानाच तारखा ठरवायच्या: एक भाग जूनच्या शेवटी, एक ऑगस्टमध्ये, एक ऑक्टोबरात. भाव काहीही असो. चाळीच्या दारावर खडूने तारखा लिहिल्या, मामींना साक्षीदार केलं. गेल्या हंगामात त्यांनी हे खरंच पाळलं. पहिला भाग पंधराशेने गेला, दुसरा सतराशेने, तिसरा सव्वीसशेने. सरासरी १९३३, खर्चाच्या बऱ्याच वर. मी खूश होऊन फोन केला.

“ते सगळं खरं,” मामा म्हणाले, “पण पहिले दोन भाग काढले नसते तर सगळाच सव्वीसशेने गेला असता ना गं.”

दिवाळीत निफाडला गेले तेव्हा चाळ रिकामी होती. दारावरच्या तीन तारखांच्या खाली ठळक खडूने नवा आकडा लिहिलेला: २६००. मी ओढणीच्या टोकाने तो पुसायला गेले.

“राहू दे,” मामी ओसरीवरून म्हणाल्या. “मी दोनदा पुसलाय.”